बस माय, बस

मे महिना लागला की हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या बायकांना मैनाबाईची आठवण यायची. एरवी वर्षभर तिचं नाव कोणी काढत नसे, पण कुरड्या म्हटल्या की त्या मैनाबाईच्याच. पांढऱ्याशुभ्र, कुठं लाल डाग नाही, तेलात टाकली की एकच कुरडई कढई भरून टाकणार. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि पहाटे शिजवायचा. घरात गॅस होता, तरी चिकासाठी तिनं क्वार्टरच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडली होती. चीक हाटायला दोन्ही हात लागतात आणि पाठ लागते. पंचावन्न वर्षांच्या मैनाबाईचे हात अजून धड होते. पाठीचं तिचं तिलाच माहीत.

पण खरं कठीण काम चीक हाटण्याचं नव्हतं. पावणेतीन वर्षांच्या नातीला त्या चुलीपासून लांब ठेवायचं, हे कठीण. शिजता चीक अंगावर उडाला तर कातडीला चिकटतो आणि कातडी घेऊनच निघतो. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात मोनासाठी एक पाट मांडलेला असे. पाटासमोर पिठाचा डबा, आणि डब्याला टेकवून उभा केलेला टॅब.

"बस माय, बस. तुहा हत्ती आला पाय," मैनाबाई म्हणायची.

मोना पाटावर बसायची. टॅबमध्ये टोपी घातलेला एक निळा हत्ती यायचा आणि कोण्या बाईच्या गोड आवाजात बोलायचा. लाल गेंद कहाँ है? लाल गेंद पर उँगली रखो. मोना बोट ठेवायची. टिंग व्हायचं, चांदण्या पडायच्या, हत्ती नाचायचा. चुकलं तर हत्ती मान हलवायचा आणि म्हणायचा, "ओ-ओ! फिर से!"

टॅब मोनाच्या दुसऱ्या वाढदिवसाला आला होता. सूनबाई दामिनीनं तो तिच्या पॅकिंगच्या कारखान्यातल्या एका मैत्रिणीकडून जुनाच घेतला होता आणि आत मुलांच्या अभ्यासाचे खेळ भरून आणले होते. दामिनी त्याला पढाई म्हणायची. मैनाबाईनं सुरुवातीला नाक मुरडलं. मग एका पहाटे तिच्या लक्षात आलं की आपण तासभर चीक हाटला आणि पोरगी जागची हलली नाही. त्या दिवसापासून हत्ती तिचाही सोयरा झाला. पुढं जे झालं त्यात आपला वाटा नव्हता असं ती कधी म्हणाली नाही, आणि म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

झालं होतं ते असं, की मोना बोलत नव्हती. तिच्या वयाची शेजारची पोरं दिवसभर टकळी चालवत. मोनाच्या तोंडून एकच शब्द निघायचा, आणि तोही हत्तीचा. दूध सांडलं, ओ-ओ. चप्पल सापडली नाही, ओ-ओ. आजोबा ड्युटीवर निघाले, तरी ओ-ओ. आजोबा म्हणजे सुखराम. साठीला टेकलेला, प्लांटमध्ये सदतीस वर्षं काढलेला, आता दोन्ही कानांनी कमी ऐकणारा. नात आजोबावर गेली की काय, म्हणून मोनाचे कान तपासून आणले होते. कान ठणठणीत होते. मग घरच्यांच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच, आणि त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

दामिनी आणि शुभम, दोघंही हथखोजच्या कारखान्यांत कामाला. तो वेल्डिंगवर, ती पॅकिंगला. आठच्या ठोक्याला एकाच गाडीवर निघायचे. एके दिवशी निघता निघता दामिनीनं पाहिलं, तर मोना वाळत घातलेल्या कुरड्यांवर एकेक बोट दाबत चालली होती. ओल्या कुरड्या खाटेवरच्या धोतराला चिकटून चपट्या होत होत्या.

"मोना! बस, बस! हो गया!" दामिनी ओरडली.

मोना होती तिथंच, ओल्या मातीत, फतकल मारून बसली.

"देखो, रूठ गई," दामिनी म्हणाली. "आता कपडे कोण बदलेल? मुझे लेट हो रहा है, मम्मी."

"जा तू. मी पायतो," मैनाबाई म्हणाली. तिनं नातीला उचललं, चड्डी बदलली आणि चपट्या झालेल्या कुरड्या हातानं पुन्हा जमवल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोनाला शाळेत दाखवायचं ठरलं. वस्तीपासून तीन किलोमीटरवर नवीच शाळा होती, भिंतींवर फुलपाखरं रंगवलेली. जागा थोड्या आणि रांग मोठी. दामिनीचा सगळा जीव त्या शाळेत अडकला होता. सुखराम या वर्षी रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, मग बोरसीच्या दोन खोल्यांत राहायला जायचं. त्याआधी पोरीचं एकदा मार्गी लागावं, ती चारचौघींसारखी आहे हे कोणीतरी परक्या माणसानं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. मैनाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

शाळेत आत एकालाच सोडत होते. दामिनी मोनाला घेऊन आत गेली. मैनाबाई बाहेर चपलांच्या मांडणीजवळ बसली. रिकामी खुर्ची होती, पण तीवर शेजारच्या कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाईनं पर्स ठेवली होती आणि ती उचलावी असं त्या बाईला वाटलं नाही. काचेच्या दारातून मैनाबाईला मोनाची फक्त शेंडी दिसत होती. शेंडी मधूनच खाली जायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा वर यायची. मग आतून रडण्याचा आवाज आला.

दामिनी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. तिनं मोनाला ऑटोत चढवलं. बसल्यावर म्हणाली, "मॅडमने टॅब पे ही पूछा सब. गेंद बताया, कुत्ता बताया. फिर बीच में जमीन पे बैठ गई. उठाया, फिर बैठ गई. मॅडम म्हणाल्या, समझती नहीं है. हार मानके बैठ जाती है."

"मंग?"

"पंधरा दिवसांनी परत बोलावलं. तब तक सीट रोक के रखेंगी." दामिनीनं मोनाला मांडीवर सरळ केलं. "मम्मी, बुरा मत मानना. त्यांनी विचारलं घरी कोणती भाषा. मी म्हटलं, हम हिंदी बोलते हैं, दादी मराठी. त्या म्हणाल्या, इसी में बच्ची उलझ गई है. एक ही भाषा रखो."

मैनाबाईनं मोनाच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "मंग मी हिंदीत बोलतो ना तिच्याशी. त्यात काय."

संध्याकाळी ती हिंदीत बोललीसुद्धा. बाजारात भाजीवालीशी बोलायची तीच हिंदी. "मोना, तू दूध पीता है का? इधर आव, बाल बनाती मैं." शुभम हातपाय धुऊन आला होता. तो आधी हसला, मग त्यानं दामिनीकडे पाहिलं.

"आई," तो खाली मान घालून म्हणाला, "असं बोलशील तं पोट्टी चुकीची हिंदी शिकंल. पंधराच दिवस आहेत. तू तिच्याशी जास्त बोलूच नको. टॅब बोलते ना शुद्ध."

पोरानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण मैनाबाईच्या हातातली वेणी तशीच अर्धी राहिली. तुमसरजवळच्या खेड्यातून ती एकोणिसाव्या वर्षी या क्वार्टरमध्ये आली होती. याच पोराला याच दारात तिनं बोलायला शिकवलं होतं. तिनं वेणी पुरी केली, रबर लावलं आणि पाटावरच्या पोरीला हातानंच खूण केली, जा.

दुसऱ्या दिवसापासून घरात मैनाबाईचा आवाज बंद झाला. मोनाला बोलवायचं तर टाळी. जेवायला हवं तर ताट वाजवायचं. पाटावर बसवायचं तर खांदे धरून खाली दाबायचं. चीक हाटताना ती जुन्या सवयीनं पुटपुटायची, मग ओठ मिटायची. हत्ती मात्र दिवसभर बोलत होता. उन्हानं टिनाचं छप्पर तडतडायचं, कूलर घुंई घुंई करायचा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये हत्तीचा तो गोड, न थकणारा आवाज.

तिसऱ्या दिवशी मोना टॅब सोडून उठली. आजी पाट्यावर डाळ वाटत होती. मोना तिच्या मांडीवर चढली आणि आजीचे ओठ दोन बोटांनी चिमटीत धरून उघडू लागली. आत डोकावून पाहू लागली, आवाज कुठं गेला म्हणून. मैनाबाईला भडभडून आलं. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

चौथ्या दिवशी सुखराम नाइट शिफ्ट करून आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "अवं, माहे कान पुरे गेले वाटते."

"काहून?" मैनाबाईनं मोठ्यानं विचारलं.

"हे आलं ऐकू." त्याला नवल वाटलं. "दोन-तीन दिवसांपासून तुहा आवाजच येऊन नाई राहिला घरात. मले वाटलं, गेले. डॉक्टरले दाखवा लागते म्हनून दवाखान्याचं कार्डबी काढून ठेवलं."

मैनाबाई हसली. तिनं त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. सुखरामनं बशी खाली ठेवली.

"लेकराशी नाई बोलाचं तं मंग कोणाशी बोलाचं तुनं?" तो म्हणाला. "माह्याशी? मले तं ऐकूच येत नाई."

आठव्या दिवशी ती गोष्ट घडली. सकाळचे दहा झाले होते. उन्हाआधी कुरड्या घालून झाल्या होत्या. सोऱ्या दाबून मैनाबाईचे तळहात लाल झाले होते, म्हणून ती गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसली होती. मोना टॅबसमोर उभी होती. हत्तीनं आज गाड्या आणल्या होत्या. रेल, ट्रक, सायकल.

"बस!" हत्ती म्हणाला. "बस कहाँ है?"

मोना पाटावर बसली.

हत्ती वाट पाहत राहिला. मोनाही वाट पाहत राहिली, हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी. "ओ-ओ!" हत्ती म्हणाला. "फिर से!" मोना उठून उभी राहिली. "बस! बस कहाँ है?" मोना पुन्हा बसली. या वेळी तिनं पायही पोटाशी घेतले. कुठं कमी पडतंय ते तिला कळत नव्हतं. तिनं मान वळवून आजीकडे पाहिलं.

मैनाबाईचे हात बादलीतच राहिले. ती शेंडी तिला आठवली, काचेच्या दारापलीकडे खाली जाणारी, वर येणारी, पुन्हा खाली जाणारी. हार मानून नव्हती बसत पोरगी. बस म्हटलं म्हणून बसत होती. त्या परक्या मॅडमनं बस म्हटलं तरी बसली, आई रागानं बस-बस म्हणाली तेव्हा ओल्या मातीतही बसली. जन्मापासून आजीनं सांगितलेलं ती ऐकत आली होती, आणि ऐकल्याबद्दल सगळीकडून तिला एकच मिळत होतं, ओ-ओ.

मैनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. घरात कोणी नव्हतं. तरी चोरी केल्यासारखी ती हळूच म्हणाली, "मोना, आबाची चप्पल आन."

मोना उठली आणि दारामागून सुखरामची चप्पल घेऊन आली. एकच आणली, दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"दुसरी?"

तीही आली.

"दार लाव. आता गिलास आन. आजीच्या हाताले फुंकर मार."

मोनानं आजीचे लाल तळहात धरले आणि गाल फुगवून फुंकर मारली. मैनाबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पोरगी शहाणी होती. सगळं समजत होतं तिला. आठ दिवस घशात अडकलेला सगळा आवाज मैनाबाईनं त्या एका दिवसात नातीच्या कानात ओतला.

रात्रीच्या जेवणाची वाट तिनं कशीबशी पाहिली. ताटं मांडली आणि म्हणाली, "शुभम, दामिनी, पोट्टी येडी नोहे. तिले सगळं समजते. पाहा." आणि मोनाकडे वळून, "उठ माय." मोना उठली. "बस." मोना बसली. मग तिनं टॅब लावला, हत्तीची बस काढली, आणि सगळ्यांसमोर मोना हत्तीच्या बोलण्यावर पुन्हा बसली.

शुभमच्या हातातला घास तसाच राहिला. मग तो मोठ्यानं हसला आणि लेकीला उचलून तिचे मुके घेऊ लागला. "साला, आम्हीच येडे! आई, तू तं कमाल केली."

दामिनी हसली नाही. ती मोनाकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "मतलब समझती है," ती पुटपुटली. "समझती है मेरी बच्ची." मग म्हणाली, "पण मम्मी, मॅडम यही तो बोल रही थी ना."

"काय?"

"की दो भाषा में उलझ गई है. तिथं जाऊन काय सांगू मी? बस म्हटलं की बसते, क्योंकि हमारे घर में बस का मतलब अलग है? वो बोलेंगी, मैंने तो कहा ही था."

मैनाबाई कौतुकाची वाट पाहत होती, आणि जे दाखवायला तिनं पोरीला उभं केलं तेच तिच्यावर उलटून आलं. पण दामिनीचं खोटं होतं असंही तिला म्हणता येईना.

"मला शाळेत ए मराठन म्हणून चिडवायचे," दामिनी खाली पाहून म्हणाली. "तिसरीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मोनाचं तसं नको व्हायला, मम्मी. मला सुट्टी नाही. तुम्हीच दिवसभर असता तिच्याजवळ. हे तुम्हीच सोडवा."

मैनाबाईनं ताटं उचलली आणि मोरीत नेऊन घासली. घासताना तिनं ठरवलं ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गहू भिजत घातले नाहीत. शेजारची कांताबाई कुरड्या मागायला आली, तिला म्हणाली, "आठ रोज थांब बाई. घरी काम आहे." दुपारी कूलर लावला, दार ओढून घेतलं आणि टॅबसमोर मांडी घातली. मोनाला पुढ्यात उभं केलं. तिच्या दोन्ही काखांत हात घातले.

"बस!" हत्ती म्हणाला. "बस कहाँ है?"

पोरीचे गुडघे वाकले. तिचा सगळा भार मैनाबाईच्या तळहातांवर आला, ऊन ऊन, भरल्या पिशवीसारखा. मैनाबाईनं तिला खाली जाऊ दिलं नाही, तसंच वर धरलं. मोनानं वळून पाहिलं. आजी बसू देत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

मैनाबाईनं तिचं बोट धरलं आणि पडद्यावरच्या पिवळ्या गाडीवर टेकवलं. टिंग झालं, चांदण्या पडल्या.

"बस!" पुन्हा गुडघे वाकले, पुन्हा भार आला, पुन्हा तिनं वर धरलं. बोट. टिंग. मोना चिडली, आजीच्या हाताला चावली. मैनाबाईनं चावू दिलं. थोड्या वेळानं दोघी थकल्या, तेव्हा तिनं पोरीचे खांदे दाबून तिला पाटावर बसवलं आणि हिंदीत म्हणाली, "बैठ. बैठ, मोना." तो शब्द तिच्या जिभेला बोचत होता, तरी तिनं तो पुन्हा पुन्हा म्हटला.

असं सकाळ-दुपार चाललं. पाठीत कळा यायच्या. अडीच तास वाकून पोरीला काखेत तोलून धरायचं म्हणजे चीक हाटण्यापेक्षा वाईट. तिसऱ्या दिवशी गुडघे अर्धेच वाकले. चौथ्या दिवशी मोना नुसती थबकली, आजीकडे पाहिलं, मग बोट ठेवलं. पाचव्या दिवशी हत्ती "बस!" म्हणाला आणि मैनाबाई तळहातांवर भार यायची वाट पाहत राहिली. भार आला नाही. मोनानं पुढं होऊन झटकन बोट ठेवलं. टिंग झालं. मोना टाळ्या वाजवत उड्या मारू लागली.

मैनाबाईनं रिकामे हात मांडीवर ठेवले. तिला आनंद झाला आणि जिवावरची वस्तू आपल्याच हातानं विहिरीत टाकल्यासारखंही वाटलं. तिनं नातीच्या पाठीवर थोपटलं. "शाबास," ती म्हणाली. शाबास दोन्ही भाषांत एकच होता, हे त्यातल्या त्यात बरं.

पंधराव्या दिवशी मॅडमनं टॅब पुढं केला. मोनानं गेंद दाखवला, कुत्ता दाखवला, बस दाखवली, आणि बैठो म्हटल्यावर छोट्या लाल खुर्चीवर बसली. मॅडम दामिनीला म्हणाल्या, "देखा? एक भाषा रखी, तो कितना फर्क पड़ा." दामिनीनं बाहेर येऊन चपलांच्या मांडणीजवळ बसलेल्या सासूच्या पायांना हात लावला. मैनाबाईनं तिचं डोकं कुरवाळलं आणि सीट मिळाली ना, एवढंच विचारलं.

जुलैत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मोनाला पांढरे मोजे, निळा फ्रॉक आणि गळ्यात फोटोचं कार्ड. दामिनी कामावर उशिरा जाणार होती. शुभम मोटरसायकलवर बसून होता, लेकीला निरोप देऊन निघायचा म्हणून. सुखराम नाइट शिफ्टवरून नुकताच आला होता, जेवणाच्या डब्यासकट फाटकाशी उभा होता. गल्लीच्या तोंडाशी शाळेची पिवळी गाडी येऊन थांबली. गाडीतल्या बाईनं मोनाला वर उचलून घेतलं आणि खिडकीशी सोडलं.

मोना सीटवर उभी राहिली. दोन्ही हात खिडकीच्या दांडीला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, गाडीला हिसका बसला आणि मोनाचं डोकं मागं गेलं.

इतके दिवस घोटून घोटून पाठ केलेलं सगळं मैनाबाई विसरली. ती धावत खिडकीखाली गेली आणि ओरडली, "बस! बस माय, बस!"

मोनानं आजीकडे पाहिलं. तिचा चेहरा फुलला. तिनं एक हात दांडीवरून सोडला, गाडीच्या पत्र्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं, खणखणीत म्हणाली,

"बस!"

आणि टिंग होईल म्हणून आजीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"बोली! शुभम, बोली वो! सुना?" दामिनी रस्त्यातच उड्या मारू लागली. शुभम मोटरसायकलवरून उतरून धावत आला. पोरीचा पहिला शब्द होता तो, तिचा स्वतःचा, आणि तो आजीलाच उद्देशून होता. त्याबद्दल मैनाबाईचं मन आनंदानं भरून आलं, हेही खरं. पण मोना अजून उभीच होती आणि चाकं फिरू लागली होती.

"बैठ," मैनाबाई म्हणाली. "बैठ, मोना, बैठ."

मोना बसली. खिडकीत नुसती शेंडी दिसू लागली, आणि मग गाडी कोपऱ्यावर वळली.

दामिनी आणि शुभम बोलत, हसत कामाला निघून गेले. मैनाबाई मागच्या अंगणात आली. चूल थंड होती. दारात पाट तसाच होता, डब्याला टेकवलेला टॅब काळा होऊन पडला होता. ती दाराला टेकून उभी राहिली. हातांना काय काम द्यावं ते तिला सुचेना.

सुखराम मागोमाग आला. त्याला गल्लीतलं काही ऐकू आलं नव्हतं, पण बायकोचं तोंड त्यानं पाहिलं होतं. त्यानं डबा खाली ठेवला, टॅब बाजूला सरकवला आणि पाट तिच्या पायाशी ओढला.

"बस वं," तो म्हणाला. "बस जराशी."

मैनाबाई बसली.